सोऱ्याची नगरे : उदय आणि अस्त



एखाद्या उद्योगपतीने ओसाड प्रदेशात कामगारांसाठी नगर वसवले की त्याच्या औदार्याचे गोडवे गायले जातात. घर कंपनीचे, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा. मग कामगाराला आणखी काय हवे, असा सवाल केला जातो. या सवालाचा जबाब चिलीच्या उत्तरेकडील आटाकामा वाळवंटाने फार पूर्वीच दिलेला आहे.

या वाळवंटात नैसर्गिक सोरा सापडतो. युरोपातील शेतीला खत म्हणून आणि स्फोटकांच्या कारखान्यांना कच्चा माल म्हणून त्याची गरज होती. १८७९ ते १८८४ या काळात पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध करून चिलीने हा प्रदेश मिळवला. रक्त सैनिकांनी सांडले. पण मातीमोल झालेले रोखे युद्धकाळात विकत घेणारे जॉन टॉमस नॉर्थ यांच्यासारखे इंग्रज भांडवलदार खाणींचे धनी झाले. चिलीच्या सरकारने निर्यातकरावर समाधान मानले.

जेथे गवताची काडी उगवत नाही तेथे खाण, कारखाना आणि चाळी मिळून एकेक नगर उभे राहिले. वेतन देशाच्या नाण्यात नव्हे, तर कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे. हे बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. अन्यत्र बदलायचे तर कसर सोसावी लागे. श्रमाचा एकमेव खरेदीदार आणि धान्याचा एकमेव विक्रेता एकच असला म्हणजे एका हाताने दिलेली मजुरी दुसऱ्या हाताने परत घेता येते. अशा नगरात मालकाला चाबकाची गरज उरत नाही.

डिसेंबर १९०७ मध्ये हजारो कामगार संप करून इकीके बंदरात उतरले. त्यांत चिलीचे होते, तसेच पेरूचे व बोलिव्हियाचेही होते. त्यांच्या मागण्या काय होत्या? बिल्ल्यांना पूर्ण मोल मिळावे. उकळत्या कढयांवर लोखंडी जाळ्या बसवाव्यात, म्हणजे माणसे त्यांत पडून मरणार नाहीत. रात्रशाळेसाठी जागा मिळावी. आणि दुकानाबाहेर एक तराजू ठेवावा, म्हणजे घेतलेला माल पुन्हा तोलून पाहता येईल. राज्य उलथवण्याची भाषा यात कोठेही नव्हती. तरीही २१ डिसेंबर रोजी जनरल सिल्वा रेनार्द यांच्या हुकमावरून, सांता मारिया शाळेत जमलेल्या या कुटुंबांवर मशीनगन चालवण्यात आल्या. मृतांचा नेमका आकडा आजही वादग्रस्त आहे. मात्र माणसे शेकड्यांनी मेली. कारण उघड आहे. दुकानाबाहेरचा तराजू म्हणजे मालकाच्या मापावर कामगाराची देखरेख, आणि तीच मालकवर्गाला असह्य होती.

पुढे या उद्योगाला घरघर लागली ती निराळ्याच दिशेने. हाबर यांच्या संशोधनाच्या आधारे १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर हे तंत्र सर्वत्र पसरले आणि १९२९ च्या महामंदीने सोऱ्याचा बाजारच कोसळला. १८७२ मध्ये स्थापन झालेले ला पाल्मा हे नगर १९३४ मध्ये नव्या कंपनीने घेतले, त्याला हंबरस्टोन हे नाव दिले आणि तेथे नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, हॉटेल उभारले. कामगारांचे जीवन काहीसे सुसह्य झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९६० मध्ये काम थांबले, आणि नाट्यगृहासह सारे नगर ओस पडले. ज्यांच्यासाठी ते बांधले होते त्यांच्या मालकीची तेथे एक वीटही नव्हती. २००५ मध्ये युनेस्कोने त्या अवशेषांना जागतिक वारशाचा मान दिला.

चाकाबुको या दुसऱ्या सोरानगराचा शेवट अधिक भयानक आहे. १९३८ मध्ये ते बंद पडले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर पिनोशे राजवटीने त्याच चाळींत राजकीय कैदी डांबले. एका वाटेने आत-बाहेर व्हावे लागणारी वस्ती छावणी म्हणून वापरायला फारसे फेरफार करावे लागत नाहीत.

मग या नगरांतून उरले काय? १९१२ मध्ये, त्याच इकीके शहरात, खिळे जुळवणाऱ्या लुईस एमिलिओ रेकाबारेन यांनी सहकाऱ्यांसह समाजवादी कामगार पक्ष स्थापन केला. सोरा संपला, कंपन्या गेल्या; चिलीची कामगार चळवळ मात्र देशभर वाढली. मालकाने दिलेली सोय बाजारभावाबरोबर जाते. संघटनेने मिळवलेला हक्क कामगार आपल्याबरोबर दुसऱ्या गावी नेऊ शकतो. म्हणून कंपनीने बांधलेले नगर पाहताना नाट्यगृह किती मोठे आहे हे विचारण्याआधी, दुकानाबाहेर तराजू आहे काय, हे विचारले पाहिजे.