सूचीत न सापडणारा अभंग

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आटोपून पेडण्याचा एखादा भजनी वाचनालयात शिरतो. ओठांवर एकच ओळ. सरकारी तुकारामगाथेत अभंग मात्र ४,६०७!

गाथेमागची अकारादी सूची अभंगाच्या आरंभावर चालते. घोळ इथेच होतो. भजनात पुन्हा पुन्हा घोळवलं जातं ते ध्रुवपद, आणि छापील गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्याला असते. कानात बसलेली ओळ सूचीत सापडणार कशी?

गाणं एकाहून अधिक वाटांनी शोधता येईल अशी सूची करता येते. अमेरिकेत मिनी सिअर्स यांनी १९२६ मध्ये १७७ संग्रहांतल्या बारा हजारांवर गाण्यांची सूची केली. शीर्षक, पहिली ओळ, कवी, संगीतकार, सगळं एकाच वर्णक्रमात.

आपल्याकडे अशा सूचीत ध्रुवपदाचीही भर हवी. तोवर वहीत ध्रुवपदासमोर अभंगक्रमांक टिपणारा भजनीच खरा सूचिकार.