कागद कुणासाठी कापायचा?



माझ्या हातात हा पतंगाचा कागद आहे. थायलंडमध्येही याला पतंगाचाच कागद म्हणतात, 'क्रदात वाव'. चौकोनी तुकडा घेतला. एक घडी, दुसरी, तिसरी. झाला आठ पदरी त्रिकोण. आता डाव्या कडेकडून एक काप द्यायचा, पण उजव्या कडेच्या अलीकडे थांबायचं. मग उजवीकडून एक काप, तोही डावीकडे पोचू द्यायचा नाही. असं आलटून पालटून शेवटपर्यंत. कागद उलगडला की अजून सपाटच दिसतो, थोडा चिरफाळलेला. आणि आता मधोमध चिमटीत धरून उचलते... बघा. स्वतःच्याच वजनानं तो खाली उतरत गेला आणि त्याचा जाळीदार घोस झाला. पुस्तकात वाचणाऱ्यांना हे दिसणार नाही, त्यांनी कात्री घ्यावी.

मध्य थायलंडमध्ये अशा घोसाला 'फुआंग महोत' म्हणतात. विश्वंतर जातकाचं पारायण असलं की मंडपाला हे घोस टांगतात. उत्तरेत, चियांग माईकडे, याचा भाऊबंद आहे 'तुंग साई मू'. तुंग म्हणजे ध्वज, पताका. (आपला लोणावळ्याजवळचा तुंग किल्ला वेगळा!) आणि साई मू म्हणजे डुकराचं आतडं. एवढ्या नाजूक वस्तूला इतकं रोखठोक नाव देणारी माणसं मला फार आवडली.

चियांग माईला मी सोंगक्रानच्या दिवसांत गेले होते. सोंगक्रान हा शब्द आपल्या संक्रांतीचाच. सूर्य मेषेत येतो तेव्हा, १३ ते १५ एप्रिलला, तिथलं पारंपरिक नववर्ष असतं. २०२३ साली युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पर्यटकांना त्यातली पाण्याची धुळवड ठाऊक असते. मला आठवतं ते देवळाचं आवार. लोक वाळू घेऊन येत होते. वर्षभर देवळात येता-जाता आपल्या पायांना चिकटून जी वाळू बाहेर गेली, ती परत करायची, अशी त्यामागची समजूत. त्या वाळूचे छोटे चैत्य रचायचे आणि त्यांत बांबूच्या काड्यांवर हे कागदी तुंग रोवायचे. गेलेला माणूस तुंगाची शेपटी धरून वर चढतो, असं तिथं मानतात. म्हणून काही तुंग स्वतःसाठी असतात, काही गेलेल्यांसाठी. अंत्ययात्रेपुढं तीन शेपट्यांचा वेगळा तुंग चालतो. अपघातात कुणी गेलं, तर त्या जागी लाल तुंग रोवतात.

माझ्याशेजारी एक आजीबाई कापत बसल्या होत्या. भाषेचा प्रश्नच होता, खुणांवर काम चाललं होतं. माझा एक काप चुकला, मी कागद बाजूला टाकला. त्यांनी तो उचलला, उलगडला. चूक आठही पदरांत उतरली होती, आणि आठ ठिकाणी सारखीच असल्यामुळे ती नक्षी वाटत होती. त्या हसल्या आणि तो तुंग वाळूत रोवून मोकळ्या झाल्या.

मी समुपदेशक आहे, बडोद्यात काम करते. परत आल्यावर मला वाटलं, आपल्याला खजिना सापडला. जवळचं माणूस गमावलेल्यांचा आमचा एक गट आहे, दर रविवारी भेटतो. तिथं मी कागद आणले, कात्र्या आणल्या, मंद संगीत लावलं. 'श्वासाकडे लक्ष द्या, मनात काही आणू नका,' असं म्हणत राहिले. घोस सुरेख झाले. फोटो निघाले. मग एका काकांनी, त्यांची पत्नी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, कात्री खाली ठेवून विचारलं, "झालं. पण हे कुणासाठी करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घडी आणली होती, काप आणले होते, आणि ज्याच्यासाठी ते कापतात तो माणूस चियांग माईतच ठेवून आले होते.

कलेच्या बाबतीतही मला हाच पेच दिसतो. हे घोस आता हॉटेलांच्या छतांना लटकतात, दिव्यांच्या झुंबरांत जातात, दालनांत मांडणशिल्प होऊन येतात. यात वाईट काही नाही. कागद कापणं ही मोठी कला आहे हे मातिसनं दाखवलंच. १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याला ईझलसमोर उभं राहणं जड झालं, तेव्हा रंगवलेले कागद कात्रीनं कापत त्यानं उरलेली वर्षं काम केलं. पण फेचबुरीचे कारागीर आठवून पाहा. ते कागदांची चळत लाकडावर ठेवून छिन्नी-हातोडीनं नक्षी पाडतात, आणि तिनं चितेची सजावट करतात. इतकं बारीक काम, जाळण्याच्या जागी लावण्यासाठी! आपल्याला कलाकृती जपायची सवय आहे. तिथं ती सोडायची असते, आणि दुःखात असलेल्या माणसाला हे सोडणंच सगळ्यात कठीण जातं.

एक सांगून ठेवते. कात्री औषध नाही. महिनोन्महिने ज्याची झोप उडाली आहे, ज्याला जगणं नकोसं झालं आहे, त्यानं मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं. पतंगाचा कागद त्याच्या जागी येऊ शकत नाही.

पुढच्या रविवारी मी संगीत बंद ठेवलं. वाळूचे चैत्य आम्ही केले नाहीत. ती त्यांची श्रद्धा, तिची नक्कल मला बरी वाटेना. फक्त म्हटलं, ज्यांच्यासाठी कापताय त्यांच्याबद्दल कापता कापता बोला, आणि जे होईल ते घरी न्यायचं नाही. त्या दिवशी घोस वेडेवाकडे झाले. बोलणं दोन तास चाललं. कुणाचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, कुणाच्या बहिणीला भरलं वांगं जमायचं नाही. शेवटी आम्ही सगळे घोस बाहेरच्या कडुलिंबाला बांधले.

जूनमध्ये पहिला पाऊस आला त्या रात्री काकांचा फोन आला. मुद्दाम जाऊन पाहून आले होते. "नुसता दोरा उरलाय," म्हणाले.

मी घाबरत विचारलं, "वाईट वाटलं?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी निळा कागद आणा. तिला निळा आवडायचा, मी मागच्या वेळी पिवळा घेतला होता."