ऑस्कर पाहायला घरी या!
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



ऑस्कर सोहळा आपल्याकडे पहाटे दिसतो. एकट्यानं कशाला बघायचा? शेजाऱ्यांना बोलवा. पोहे-चहा पुरे, टीव्हीचा आवाज मात्र बेताचा, खालच्या मजल्यावर लोक झोपलेले असतात. आधीच प्रत्येकाकडून अंदाजाची चिठ्ठी घ्या, म्हणजे सिनेमे न पाहिलेलेही रंगतात. मुलांना सांगा, पहिलं भारतीय ऑस्कर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी मिळवलं.

१३ मार्च २०२३ला 'नाटू नाटू'चं नाव पुकारलं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये नऊ जण टाळ्या वाजवत होते. लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे समोरचे गृहस्थही त्यात होते. मी एकटा राहतो. आता माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.