भिंगारमधून निघणाऱ्या तीन वाटा

(भिंगार येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादन करून)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. त्यामुळे मला बोलावलं की मी करिअरवर, नाहीतर एआयवर बोलेन असं लोक धरून चालतात. आज मी चालण्यावर बोलणार आहे. आपल्या भिंगारमधून पायी कुठे जाता येतं आणि का जावं, एवढाच विषय.

सुट्टी आली की आपण महाबळेश्वर, लोणावळ्याचे बेत करतो. गाडी, पेट्रोल, टोल, हॉटेल, सगळा हिशोब होतो. पुण्यात नोकरीला असलेली आपली मुलं सकाळी वेताळ टेकडीवर जातात आणि तिथले फोटो पाठवतात. टेकडी छानच आहे. पण त्या टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायची योजना आली, तेव्हा विरोधाला कोण उभं राहिलं? तिथे रोज चालणारी माणसं. ज्या जागेवर कोणी चालत नाही, तिच्या बाजूने कोणी उभंही राहत नाही. आपल्या गावाचंही तसंच आहे. हे गाव आपलं आहे, असं आपण भाषणात म्हणतो, स्टेटसला लिहितो. पण आपण त्यात चालतो का?

पहिली वाट अगदी जवळची. भिंगारहून भुईकोट किल्ला. कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांना जुनी झाडं आहेत, सावली आहे. घरातल्या थोरल्यांनाही जमेल अशी ही वाट. किल्ल्याजवळ दमडी मशीद लागते. १५६७च्या सुमाराची. आकाराने लहान, पण दगडावरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं सांगतात. आख्यायिका असेल. पण राजाच्या नावाने ओळखली जाणारी इमारत कुठेही मिळते, मजुराच्या दमडीच्या नावाने ओळखली जाणारी क्वचित मिळते.

पुढे किल्ला. दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळातला, घेर साधारण पावणेदोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात हाच किल्ला लढवला. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून कोंडले. पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं इथलीच. चहाबद्दल, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल त्यांनी किती मन लावून लिहिलंय. याच कैदेत असताना, १९४३ साली, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेट झाली नाही. ज्यांना या तटाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांच्यामुळे आपण आज इथे मोकळे फिरतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा, आत सोडतात का ते आधी विचारा, आणि जिथे फोटो काढू नका म्हणून लिहिलंय तिथे काढू नका.

दुसरी वाट दर्गा दायऱ्याची. तिथे शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजी भोसले निजामशाहीतले सरदार. त्यांना मूल होत नव्हतं, शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला, पुढे दोन मुलगे झाले आणि त्यांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी, असं परंपरेने सांगितलं जातं. हे शहाजीराजे म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. आता इथून पूर्वेकडे असलेलं भातवडी आठवा. १६२४ साली तिथे मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याच्या बाजूने शहाजी लढले, शरीफजी लढले. शरीफजी तिथेच पडले.

म्हणजे एका बाजूला दिल्लीची आणि आदिलशाहीची फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीची. दोन्हीकडे मुसलमान होते, दोन्हीकडे हिंदू होते. आज फोनवर जो इतिहास येतो त्यात हे बसत नाही. मी फॉरवर्डला फॉरवर्डने उत्तर देणं सोडून द्या म्हणतो, ते याच कारणाने. ज्या मित्राशी वाद झालाय त्याला म्हणा, रविवारी चल, शाह शरीफच्या दर्ग्यापर्यंत चालत जाऊन येऊ. जाताना त्याचं ऐका, येताना आपलं सांगा.

भिंगारचं नाव निघालं की आलमगीरचा विषय निघतोच. औरंगजेब १७०७ साली इथे, भिंगारजवळच्या छावणीत वारला. दफन खुलताबादला झालं. तो माझा कोणी लागत नाही, तुमचाही लागत नाही. त्याच्याच घराण्याने १६०० साली हा किल्ला जिंकून घेतला होता. पण आपल्या गावात काय घडलं ते नीट, सालासकट माहीत असावं. कोणी विचारलं तर गप्प बसायचीही गरज नाही आणि आवाज चढवायचीही नाही.

तिसरी वाट लांबची. शहा डोंगर, आपण ज्याला चांदबिबी महाल म्हणतो. शहरापासून बारा-तेरा किलोमीटर. पायथ्यापर्यंत बसने, गाडीने जा आणि वर चालत चढा. तिथे पोचल्यावर एक गोष्ट सोबतच्या लहान मुलांना नक्की सांगा. तो चांदबिबीचा महाल नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. अष्टकोनी, तीन मजली इमारत, चारी बाजूंनी कमानी, आणि डोंगर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. पावसाळा संपता संपता जा. हवा स्वच्छ असेल तर खाली सगळं नगर पसरलेलं दिसतं. किल्ला कुठे, भिंगार कुठे, हे बोट दाखवून ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो.

सलाबतखानाचं नाव मला आवडतं ते पाण्यामुळे. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला तलावाच्या मधोमध जो फराहबाग महाल आहे, त्याचं काम पूर्ण होण्यात त्याचा वाटा होता. आपला भाग अवर्षणाचा. पाऊस येतो येतो म्हणत डोळ्यांत पाणी आणतो. अशा ठिकाणी निजामशाहीत डोंगराकडून शहरात आणि बागांत खापरी नळांनी पाणी आणलं होतं. पंप नाही, वीज नाही. नुसता उतार साधलेला. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत उताराचं गणित मी कागदावर सोडवलं. ते जमिनीवर कसं दिसतं, हे आपल्या गावात चालताना कळतं. तुमच्यापैकी जे डिप्लोमाला आहेत, सिव्हिलला आहेत, त्यांनी हा प्रोजेक्ट म्हणून घ्यावा.

शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. काहींना बरं वाटलं, काहींना लागलं. मी एवढंच म्हणेन, अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी आपल्याच जिल्ह्यातलं. विहिरी, घाट बांधणारी ती राणी आपल्याला परकी नाही. आणि पाटीवर काही लिहिलं तरी दमडी मशीद जागची हललेली नाही. ती हलेल ती आपल्या दुर्लक्षाने.

आता दुर्लक्षाचं बोलतो. अशा इमारतींच्या भिंतींवर बदामात बाण काढून लिहिलेली नावं तुम्ही पाहिली असतील. त्यात सगळ्या धर्मांची नावं आहेत, त्या बाबतीत आपली एकी आहे! संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्याप्रमाणे, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. हक्क मागताना आपण घटना दाखवतो, तर हे पानही उघडू या.

शेवटचा मुद्दा बहिणींचा. आमच्या मोहल्ल्यात मुलगा घराबाहेर पडला तर कुठे चाललास म्हणून कोणी विचारत नाही. मुलीला कारण लागतं. कॉलेज, क्लास, दवाखाना, दुकान. ‘सहज फिरायला’ हे कारण चालत नाही. शहर आपलं आहे म्हणायचं आणि घरातल्या अर्ध्या माणसांनी ते रिक्षातूनच बघायचं, हे बरोबर नाही. चांदबिबीचं नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा. भावांनो, तुम्ही राखणदार म्हणून सोबत जाऊ नका, सोबती म्हणून जा. आणि अम्मीला घेऊन जा. तिने हा किल्ला आतून पाहिलाय का, एकदा विचारून बघा.

करायचं काय, ते सांगतो. महिन्यातून एक रविवार, फजरनंतर. सहा-सात जण पुरेत. प्रत्येकाने एका जागेची माहिती वाचून यायची आणि पाच मिनिटं सांगायची. पाण्याची बाटली आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, त्यात कोणीही फुकट भर घालू शकतं. सावली कुठे आहे, पाण्याचा नळ कुठे, बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे, म्हाताऱ्यांना बसायला ओटा कुठे, हे आपण त्यात नोंदवायचं. लष्कराच्या हद्दीतलं काही नोंदवायचं नाही. ते कसं करायचं हे शिकवायला मी येईन, तेवढं माझं तंत्रज्ञान. मोहल्ल्याबाहेरच्या मित्रमैत्रिणींनाही बोलवा. ही वाट एकट्या आपल्यासाठी नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला दमडी मशिदीपाशी जमू. चपला नकोत, बूट घाला.