नृत्य शिकणाऱ्या पाल्याचे महाविद्यालय आणि पालकांची भूमिका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एक गोष्ट निमूटपणे घडते. पाच-सात वर्षे नियमाने नृत्य शिकलेल्या मुलीचे घुंगरू कापडी पिशवीत बांधले जातात आणि ती पिशवी माळ्यावर जाते. कोणी रागावलेले नसते, कोणी मनाईही केलेली नसते. ‘आता अकरावी-बारावी, मग पाहू’ एवढेच म्हटले जाते. महाराष्ट्रात शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले, आणि ते गुण पदरात पडले की त्या शिक्षणाचा हेतूच जणू पूर्ण होतो. परंतु काही मुले यानंतरही थांबत नाहीत. बारावीनंतर आपल्याला नृत्याचेच शिक्षण घ्यावयाचे आहे, असे ती घरात सांगतात. अशा मुलांच्या आई-वडिलांपुढे अशी वाट येते की, जिच्याविषयी नात्यागोत्यात विचारावे असा कोणी नसतो. इंजिनिअरिंगचे कॉलेज कोणते चांगले, हे सांगणारे दर गल्लीत चार भेटतात. नृत्याचे महाविद्यालय कोठे आहे, तेथे पदवी मिळते की प्रमाणपत्र, राहण्या-जेवण्याची व्यवस्था काय, हे सांगणारा शोधावा लागतो.

सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या एका अडत दुकानदाराच्या घरी हा प्रश्न उभा राहिला, त्याची हकीकत येथे उपयोगी पडेल. कन्या वयाच्या आठव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकत होती. मिरजेत कार्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती एकेक पायरी चढत देत होती. बारावी वाणिज्य शाखेत असताना तिने वडिलांना सांगितले, “अण्णा, मला बी.कॉम. करायचे नाही. नृत्याची पदवी घ्यायची आहे.” अण्णांनी तत्काळ होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. व्यापारी मनुष्य अपरिचित मालाविषयी जे करतो तेच त्यांनी केले. ते चौकशीला लागले.

प्रथम त्यांना कळले ते हे, की ‘विशारद’ ही परीक्षा मोलाची असली तरी ती आणि विद्यापीठाची पदवी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ती कोठे ग्राह्य धरली जाते, हे त्या त्या संस्थेला लेखी विचारूनच पक्के करावे लागते. नंतर कळले की, महाराष्ट्रातच दोन दारे उघडी आहेत. मुंबईस डॉ. कनक रेळे यांनी १९७० च्या दशकारंभी उभे केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. २०२३ साली दिवंगत झालेल्या कनकताई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या, हे ‘नाचणाऱ्या मुलींना अभ्यास जमत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पुण्यास विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तेथे गुरुकुल पद्धतीने नृत्य, संगीत आणि नाट्य यांचे पदवी शिक्षण दिले जाते. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, खैरागढचे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, आणि चेन्नईस रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली सुरू केलेले कलाक्षेत्र आहे. कथक शिकणाऱ्यांसाठी दिल्लीचे कथक केंद्र आहे.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरचे नर्तकींचे पथक बडोद्यास आले. ज्या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीची चौकट घडवली, ते तंजावरच्या मराठी राजांच्या, सरफोजी महाराजांच्या दरबारचे आश्रित होते. तेव्हा भरतनाट्यम ‘मद्राशी’ म्हणून परके मानण्याचे कारण मराठी घराला नाही. हळद पेठेतील त्या घरात आजींना ही माहिती फार आवडली आणि नातीच्या बाजूने त्यांचे एक मत नक्की झाले.

कन्येचा ओढा चेन्नईकडे होता. कलाक्षेत्राचे नाव मोठे. १९९३ च्या कायद्याने संसदेने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. परंतु तेथील जो चार वर्षांचा अभ्यासक्रम जगभर प्रसिद्ध झाला तो डिप्लोमाचा. येथे पालकांनी थांबून विचार करावा. नर्तक म्हणून रंगमंचावर उभे राहताना डिप्लोमा आहे की पदवी आहे, हे कोणी विचारीत नाही. दूरदर्शनची श्रेणी असो किंवा परदेशी सांस्कृतिक दौऱ्यांसाठी कलावंतांची सूची करणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद असो, तेथे कला पाहिली जाते. उद्या महाविद्यालयात अध्यापनाची जागा हवी असेल तर मात्र साधारणतः पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. नेट परीक्षेत नृत्य-नाट्य हा विषय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून डिप्लोमा निवडणाऱ्याने त्याबरोबर बहिःस्थ पदवीची सोय करावी काय, हे प्रवेशापूर्वीच ठरवावे. चार वर्षांनी हा शोध लागला तर मूल बाविसाव्या वर्षी पुन्हा प्रथम वर्षात बसते.

एवढी चौकशी डिसेंबरपर्यंत झाली. त्याच सुमारास घरात अरंगेत्रमची तयारी सुरू होती. एप्रिलमध्ये, बारावीची परीक्षा आटोपताच, सांगलीत मोठे सभागृह घेऊन कार्यक्रम करण्याचे ठरले होते. सभागृहाचा विसार दिला होता, वादकांशी बोलणी झाली होती, रेशमी पोशाख शिवावयास टाकले होते आणि पत्रिका छापून काही नातलगांकडे पोहोचल्याही होत्या.

फेब्रुवारीत एके दिवशी आईने पाहिले की, मुलगी जिना उतरताना कठड्याला धरून आडवे पाऊल टाकीत आहे. विचारले तर “काही नाही” असे उत्तर मिळाले. आईने रात्री तेल लावण्याच्या निमित्ताने पायाला हात लावला, तेव्हा नडगीवर बोट टेकताच मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिने ती हे दुखणे लपवीत होती. वर्गातील शहाबादी फरशीवर रोज दोन-दोन तास पाय आपटून नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा गेला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. का लपविले, असे आईने विचारल्यावर मुलगी म्हणाली, “सांगितले असते तर तुम्ही नाच बंद केला असता.”

पालकांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. ज्या घरात नृत्य ही सवलत म्हणून दिलेली असते, त्या घरात मूल दुखणे सांगत नाही, कारण दुखणे हे सवलत काढून घेण्याचे निमित्त होईल अशी त्याला भीती असते. पंधरा ते अठरा या वयात हाडे अजून घडत असतात. त्यातच बारीक दिसण्याच्या हव्यासापायी मुली जेवण कमी करतात, रक्त कमी होते, पाळी अनियमित होते आणि हाडांची झीज वाढते. ही लक्षणे आई ओळखू शकते. परंतु त्यासाठी नृत्य चालूच राहणार आहे याविषयी मुलीच्या मनात शंका नसली पाहिजे.

आता हिशेब असा झाला की, सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर एकतर अरंगेत्रमची सुमारे दोन तासांची तयारी होईल किंवा उन्हाळ्यातील प्रवेश परीक्षांची. दोन्ही त्याच पायांवर लादता येणार नाहीत. अण्णा अडून बसले. विसार बुडेल याचे त्यांना दुःख नव्हते असे नाही. परंतु खरी अडचण होती ती पत्रिकांची. व्यापाऱ्याचा शब्द बाजारात मोडत नाही, मग समाजात कसा मोडावा? नृत्य शिकविणाऱ्या ताईंनाही आपल्या शिष्येचा सोहळा हवाच होता, यात त्यांचा दोष नाही. अखेर आजी बोलल्या, “अरे, पत्रिका कागदाची आहे, पाय पोरीचा आहे.” दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः दूरध्वनी करून नातलगांना कार्यक्रम रहित झाल्याचे कळविले. कारणही खरे तेच सांगितले.

अरंगेत्रम हा गुरूच्या अनुज्ञेने व्हावयाचा पवित्र प्रसंग. अलीकडे त्याला लग्नसोहळ्याचे रूप आले आहे आणि खर्च सहज लाखांच्या घरात जातो. ज्या पित्याचा हात अरंगेत्रमसाठी सैल सुटतो, तोच पिता पुढील तीन-चार वर्षांचे वसतिगृह व फी यांचे गणित आले की आखडता हात घेतो, हे दृश्य विरळा नाही. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर पैसा कोठे जावा, याचा निर्णय पत्रिका छापण्यापूर्वी व्हावा.

प्रवेश परीक्षेविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. तेथे मोठ्या, चमकदार रचनेचीच परीक्षा होते अशी समजूत आहे. परीक्षक बहुधा मूळ अडवू तीन काळांत करून दाखवावयास सांगतात, हाताने ताल धरून बोल म्हणावयास लावतात, एखादा श्लोक देऊन त्यावर अभिनय पाहतात आणि मग प्रश्न विचारतात. त्या कन्येला एप्रिल-मेमध्ये ताईंनी हेच करवून घेतले. पाय जपण्यासाठी निम्मा अभ्यास बसून, केवळ हाताने व मुखाने. त्याचा तिला ताल आणि अभिनय यांत फार लाभ झाला.

एका ठिकाणी मुलाखतीस पालकांनाही आत बोलाविले होते. “नृत्यच का शिकायचे?” असा प्रश्न मुलीला होता. उत्तर अण्णांनी दिले. लहानपणापासूनची आवड, पारितोषिके, परीक्षांतील श्रेणी, सारे सांगितले. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, “आपण सांगितलेत ते ऐकले. आता तिला सांगू द्या.” मुलगी तोवर इतकी संकोचली होती की, तिला धड दोन वाक्ये बोलता आली नाहीत. त्या ठिकाणी तिचे नाव लागले नाही. मुलाखत हेच कारण होते असे खात्रीने म्हणता येणार नाही. परंतु पुढील खेपेस पुण्यास अण्णा झाडाखाली बाकावर बसून राहिले आणि हातातील वर्तमानपत्र त्यांनी तीन वेळा वाचले.

अण्णांचे बोलणे वाया गेले असे मात्र नाही. जे त्यांनी विचारावयाचे होते ते त्यांनी कार्यालयात आणि वसतिगृहात विचारले. त्यांनी सरावाच्या खोलीतील जमीन पाहिली, ती लाकडी आहे की थेट दगडावर फरशी, हे टाच आपटून पाहिले. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना भेटून गुरू प्रत्यक्ष किती दिवस शिकवितात आणि किती दिवस साहाय्यकांवर सोपवितात, हे विचारले. आईने भोजनालयाची वेळ विचारली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्या मुलीचा सराव सायंकाळी सातपर्यंत चालणार असेल तर ती उपाशी नाचणार की नियम मोडणार, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी वसतिगृहात तो रोज उभा राहतो. मुलीने स्वतःच तोड काढली. पाच वाजताच्या मधल्या सुट्टीत डबा.

आणखी एक चौकशी संकोचामुळे राहून जाते, ती राहू नये. २०२३ साली दक्षिणेतील एका नामांकित नृत्यसंस्थेत विद्यार्थिनींना छळाच्या तक्रारींसाठी आंदोलन करावे लागले. गुरु-शिष्य नात्यात देहाला हात लावून दुरुस्ती केली जाते, गुरूंचा शब्द मोडता येत नाही. म्हणूनच येथे दक्षता अधिक हवी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिची नावे फलकावर आहेत काय, हे पाहावे. मुलांच्या बाबतीतही हे पाहावे. नृत्य शिकणाऱ्या मुलग्याला तर बाहेरची थट्टा वेगळीच सोसावी लागते आणि तो घरी काहीच बोलत नाही.

प्रत्येक नाचणाऱ्या मुलाने नृत्याची पदवी घ्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. दिवसा बी.कॉम. आणि सायंकाळी गुरूंकडे विशारद, असा मार्ग शेकडो मुलींनी सन्मानाने पार केला आहे. कार्यक्रम जवळ नसतानाही, कोणी न सांगता, जे मूल पहाटे घुंगरू बांधते, त्याच्या बाबतीत मात्र पूर्ण वेळेच्या शिक्षणाचा विचार करावा. कार्यक्रमापुरताच उत्साह असेल तर सायंकाळचा वर्ग पुरे.

शिष्यवृत्तींची माहितीही वेळेवर काढावी. सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठीच्या योजनेत १८ ते २५ वयोगटातील निवड झालेल्यांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये देण्याची तरतूद राहिली आहे. त्याहून लहान, १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. सातवी-आठवीतील मुलांच्या पालकांनी ती आताच पाहावी.

त्या कन्येचे नाव पुण्याच्या यादीत लागले. अण्णांनी बी.कॉम.चा प्रवेशही भरून ठेवला होता. तो त्यांनी तिलाच रद्द करावयास पाठविले. अरंगेत्रम तिसऱ्या वर्षी झाले, शाळेच्या सभागृहात, दीडशे माणसांत. जुन्या पत्रिकांचे उरलेले गठ्ठे अडत दुकानात पाठकोऱ्या कागदासाठी वापरात आहेत.

ज्यांची मुले सध्या अकरावीत आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत किमान दोन संस्था प्रत्यक्ष पाहून याव्यात. संस्थांना सुट्टी लागण्यापूर्वी जावे म्हणजे वर्ग चालू असताना पाहता येतात. प्रवेशाच्या सूचना बारावीच्या परीक्षेनंतर थोड्याच दिवसांच्या मुदतीने निघतात. तेव्हा कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती आणि नृत्य परीक्षांची मूळ प्रमाणपत्रे एका धारिकेत आधीच लावून ठेवावीत.