एकच वार्ता, दोन वाटा

तातडीचा निरोप धाडायचा असला म्हणजे शहाणा माणूस तो दोन वाटांनी धाडतो. एक जासूद घाटाने, दुसरा खाडीने. पुराने एकाला अडविले तरी दुसरा पोहोचतो. पण दोघेही सुखरूप पोहोचले म्हणजे? दुसऱ्याचा लखोटा वाचून ‘हे तर ठाऊकच आहे’ असे म्हणत तो बाजूला ठेवावा लागतो. माणसाला हे जड नाही. यंत्राला मात्र ते शिकवावे लागते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे ‘युनिडेटा’ या कार्यक्रमातून विद्यापीठांसाठी ‘लोकल डेटा मॅनेजर’ नावाची संगणकप्रणाली घडविण्यात आली. हवामानाची निरीक्षणे, रडारची चित्रे, वादळाचे इशारे ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पोहोचविते. एखादा दुवा तुटून काम अडू नये म्हणून तोच माल दोन ठिकाणांहून मागविता येतो. अर्थात मग प्रत्येक वस्तू दोनदा येणारच. आलेली प्रत्येक वस्तू साठ्यातील हजारो वस्तूंशी अक्षरशः ताडून पाहत बसावे, तर इशाऱ्याआधी वादळच पोहोचायचे!

यावर योजलेला उपाय असा. वस्तूतील सर्व अक्षरांवर ठराविक गणित करून तिची एक मुद्रा काढायची. ‘एमडी५’ हे गणित रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली रचले. मजकूर ओळभर असो वा चित्र प्रचंड असो, मुद्रा १२८ बिटांची, म्हणजे १६ बाइटांचीच. ही मुद्रा रांगेत आधीच असेल, तर आलेली वस्तू मुकाट्याने नाकारायची.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त नऊ टाकून गणित पडताळण्याची रीत आहे. पण ती भोळी. ५४ च्या जागी ४५ पडले तरी तिला पत्ता नाही. एमडी५ची मुद्रा एक स्वल्पविराम हलला तरी पार पालटते. २००४ साली शियाओयुन वांग व सहकाऱ्यांनी एकाच मुद्रेचे दोन भिन्न मजकूर बुद्ध्या घडवून दाखविले. तेव्हापासून, फसवणूक टाळण्याच्या कामी तिचा भरवसा उरला नाही. परंतु दोन हवामानवार्तांच्या मुद्रा निव्वळ योगायोगाने जुळतील, ही भीती व्यर्थ होय.

खरी मेख आहे ती मुद्रा कशावर काढावी यात. एकाच वार्तेच्या माथी दोन केंद्रांनी आपापला अनुक्रमांक घातला आणि तोही गणितात धरला, तर मजकूर एक आणि मुद्रा दोन. दुबार माल राजरोस आत शिरतो. म्हणून अनुक्रमांक गाळावा लागतो. पण गाळण्याच्या भरात दिवस आणि वेळही गाळली तर? मागच्या तासाचे ‘पाऊस नाही’ आणि या तासाचे ‘पाऊस नाही’ एकच ठरेल, आणि ताजे निरीक्षण केराच्या टोपलीत जाईल. पहिल्या चुकीत नुसते ओझे वाढते. दुसरीत वार्ताच नाहीशी होते, आणि तिची कोणाला दादही लागत नाही.

शिवाय यंत्राची स्मृती रांगेएवढीच. नवे आले की सर्वांत जुने गळते, आणि त्याची मुद्राही त्याबरोबर जाते. रांगेत अर्ध्या तासाचाच माल मावत असेल आणि दुसऱ्या वाटेची वार्ता चाळीस मिनिटे रखडली असेल, तर ती नवी म्हणूनच स्वीकारली जाण्याचा धोका असतो. माल वाढला की हा अर्धा तास आणखी आखडतो. म्हणून जाणता चालक रांगेतील सर्वांत जुन्या वस्तूचे वय अधूनमधून पाहून ठेवतो.