संगणकावरील पोथी आणि तिचा वाचक
(मठाच्या वर्धापनोत्सवात इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंगल प्रसंगी पाठशाळेतील एका अध्यापकास बोलण्याची आज्ञा झाली, ती मी शिरोधार्य मानतो. विषय मात्र काहीसा रूक्ष आहे. मठातील पोथ्यांची छायाचित्रे घेऊन त्या संगणकावर सर्वांस खुल्या कराव्यात, असा विचार चालू आहे. द्रव्य भक्तांचे लागणार. तेव्हा ते सत्कारणी लागले की नाही, हे पुढे कशावरून ओळखावयाचे, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

हस्तलिखितांच्या जतनासाठी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञानभारतम् योजना घोषित झाली. जतनाची आवश्यकता निर्विवाद आहे; परंतु जतन आणि उपयोग या दोन भिन्न गोष्टी होत. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांनी १९३१ साली आपले पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांत उपयोगाला पहिले स्थान दिले. हेच आचार्य १९५७ ते १९५९ या काळात आपल्या शेजारी उज्जैनला, विक्रम विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत. आपल्याकडे पोथी रुमालात बांधून ठेवण्याची रीत. आता साखळी तुटली आणि रुमालही सुटला. पण वाचतो कोण?

संकेतस्थळ किती वेळा उघडले गेले, हा आकडा सहज मिळतो आणि अहवालात शोभूनही दिसतो. परंतु दाराशी काढलेली पादत्राणे मोजून कीर्तन किती जणांनी ऐकले हे कळत नाही. त्या आकड्यात चुकून आलेला असतो, क्षणात परतलेला असतो, आणि मनुष्यही नसलेली शोधयंत्रे असतात. उलट खरा उपयोग पुष्कळदा गणनेत येतच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिचा पाठ क्योतोचे प्राध्यापक टोकुनागा यांनी संगणकावर आणला, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो पुढे शुद्ध केला. आज अभ्यासक श्लोक शोधतात तो तेथे, आणि तळटीपेत नाव देतात ते छापील खंडाचे! अशा साधनांचा प्रभाव कसा मोजावा याचा विचार ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केला, तेव्हा त्यांनीही नुसत्या आकड्यांवर न थांबता वाचकांशी बोलण्याची पद्धत त्यात घातली.

आमच्या भगिनीवर्गाचेच पाहा. डोळे अधू झालेली एखादी आजी गुरुचरित्राची प्रत मुलाकडून मोबाईलवर एकदा उतरवून घेते, अक्षर मोठे करते आणि दरवर्षी सप्ताह करते. हीच प्रत ती कॅलिफोर्नियातील नातीलाही पाठविते. गणनेत हे सर्व मिळून एक. (मोबाईलवरील पारायणास सोवळ्याचा नियम कसा लावावा, हा प्रश्न मी गुरुजनांवर सोपवितो.)

पाठशाळेतील अनुभव संमिश्र आहे. विद्यार्थी हवे ते पद क्षणात काढून दाखवितो. त्याच्या आधीचा श्लोक कोणता, असे विचारले की थबकतो. जेकब यांची उपनिषदांची पदसूची १८९१ ची, ब्लूमफील्ड यांची वैदिक मंत्रांची सूची १९०६ ची. पण ज्याने ग्रंथ वाचला आहे त्याच्या स्मृतीस साहाय्य म्हणून त्या उपयोगी पडत. आता सूचीच प्रथम हाती येते, ग्रंथ मागाहून. कधी येतही नाही. वेदपाठात तर अधिक धोका आहे, कारण संगणकावरील कित्येक संहितापाठांत स्वरचिन्हे नसतात. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेला गौरविले, ते मुखपरंपरा म्हणून.

तरीही मी या साधनांचा विरोधक नाही. एका विद्यार्थ्याने एकाच स्तोत्राच्या दोन जुन्या मुद्रित आवृत्त्या मोबाईलवर शेजारी लावून तीन पाठभेद काढले व अर्थाच्या आधारे एक पाठ ग्राह्य का, हे सांगितले. पूर्वी एवढ्यासाठी पुण्याची वारी करावी लागली असती. म्हणून मी विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न विचारतो. हा पाठ कोणत्या आवृत्तीतला? मागेपुढे काय आहे? आणि उद्या मोबाईल नसता म्हणून दाखवाल काय?

इंदुरास आणखी एक अडचण विशेष आहे. होळकरशाहीच्या काळापासून येथील मराठी घरांतून जे कागद आहेत, ते बहुतांशी मोडीत आहेत. मोडी न येणाऱ्यास त्यांचे उत्तम छायाचित्रही केवळ चित्रच. अशी दहा हजार चित्रे खुली केली व ती लक्षावधी लोकांनी पाहिली, तरी एक ओळ वाचली गेली असे होत नाही.

यास्तव समितीस माझी विनंती अशी आहे. संकल्पित द्रव्यापैकी निदान चतुर्थांश मोडीवाचनाच्या वर्गासाठी राखून ठेवावा. प्रत्येक पोथीसमवेत तिचे स्थान, लेखनकाल आणि अपुरी पाने यांची नोंद द्यावी. आणि दरवर्षी उत्सवापूर्वी दहाबारा वाचकांना, त्यांत आजीही असाव्यात आणि विद्यार्थीही, शेजारी बसवून त्यांनी काय उघडले, काय वाचले, कोठे अडले, हे लिहून घ्यावे. ते लिहून घेण्याचे काम पाठशाळा आनंदाने पत्करील.